दाढ काढायची की वाचवायची? रूट कॅनालला बसण्याआधी

रात्री दीड-दोनच्या सुमारास दाढ ठणकायला लागते. दिवसभर विशेष काही नसते, अंग टाकले की सुरू होते. माणूस उठून बसतो, मोरीपाशी जाऊन गार पाण्याची चूळ भरतो, दोन मिनिटे बरे वाटते, पुन्हा ठणका. सकाळी नाक्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या घेतो आणि कामावर जातो, कारण खाडा परवडत नाही. वस्तीतल्या कुठल्याही गल्लीत विचारा, अशी रात्र काढलेला माणूस प्रत्येक दोन-तीन घरांत सापडेल.

विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही तासभर आरोग्याच्या शंका ऐकून घेतो. रक्तदाब, साखर, गुडघे हे नेहमीचे. पण गेल्या काही महिन्यांत दातांचे प्रश्न वाढले आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य येते, "डॉक्टर रूट कॅनाल म्हणतात, त्यापेक्षा काढूनच टाकलेली बरी ना?" आमच्यात दातांचा डॉक्टर कोणी नाही. पण आमच्यापैकी एकाने सरकारी दंत महाविद्यालयात रूट कॅनाल करून घेतले आहे, एक जण बाह्यरुग्ण विभागात परिचारिका होत्या, आणि एका ताईंच्या दाढेपायी आम्ही सगळेच एक रात्र रुग्णालयाच्या बाकावर बसलो आहोत. त्या ताईंचे आधी सांगतो.

ताई चार घरची धुणीभांडी करतात. डावीकडची खालची दाढ आठ महिने गोळ्यांवर काढली. मग एका खासगी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन दाढ उघडली, आतली नस काढली, कापूस व कच्चे सिमेंट भरले आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितले. त्या रात्री ताई कित्येक महिन्यांनी शांत झोपल्या. दुखणे गेले म्हणजे काम झाले, असेच त्यांना वाटले. त्यातच मुलीची बारावीची फी आली. उरलेले पैसे तिकडे गेले. कच्चे सिमेंट दोन महिन्यांत पडून गेले, दाढेला खड्डा राहिला, जेवण अडकले की त्या टाचणीने काढायच्या. वर्षभराने एका सकाळी जबड्याखाली सूज आली, संध्याकाळी तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. रात्री मोठ्या रुग्णालयात नेले. बाहेरून छेद देऊन पू काढावा लागला, दाढ काढली, पाच दिवस भरती. घरकामाची दोन घरे सुटली.

आमची त्या दवाखान्याबद्दल तक्रार एवढीच की "हे अर्धे काम आहे, मध्येच सोडले तर धोका आहे आणि सगळे मिळून एवढा खर्च येईल" ही तीन वाक्ये पहिल्याच दिवशी कोणी बोलले नाही. आणि तक्रार आमच्याबद्दलही आहे. ताई दर पौर्णिमेला समोर बसत होत्या, आम्हीही कधी विचारले नाही.

कीड म्हणजे किडा नव्हे

मराठीत आपण "दाताला कीड लागली" म्हणतो आणि इथूनच घोटाळा सुरू होतो. बाजाराच्या दिवशी दातातला किडा काढून देणारे बसतात. डोरलीच्या बियांची धुरी देतात आणि पांढरे वळवळणारे काहीतरी हातावर दाखवतात. दातात असा किडा नसतो. ते जे दाखवतात ते त्यांच्याच हातातले असते. तोंडातले जंतू साखर व पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. कामाच्या ठिकाणी दिवसातून सहा वेळा गोड चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट म्हणजे दाताला सहा वेळा आम्लाची आंघोळ. चुलीवरच्या भाकरीपेक्षा पाच रुपयांचा पुडा दाताला जास्त नडतो, हे लहान मुले असलेल्या घरांनी ध्यानात ठेवावे.

दाताचे तीन थर असतात. वरचे पांढरे कवच, म्हणजे इनॅमल. शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू ती हीच, पण त्यात जीव नाही, म्हणून झिजले की पुन्हा भरून येत नाही. त्याखाली पिवळसर डेंटिन. आणि त्याच्या आत मधोमध एक पोकळी, जिच्यात रक्तवाहिन्या व चेतातंतूंचा मऊ गर असतो. यालाच आपण नस म्हणतो. हा गर मुळांमधल्या बारीक नळ्यांतून खाली हाडापर्यंत जातो. त्या नळ्या म्हणजे रूट कॅनाल. थोडक्यात, ज्या नावाला आपण घाबरतो ते उपचाराचे नसून आपल्याच दाताच्या एका भागाचे नाव आहे.

कीड कवचात असते तेव्हा दुखत नाही. डेंटिनपर्यंत गेली की गार पाण्याने, गोडाने सळ येते आणि लगेच जाते. ही वेळ सोन्यासारखी. इथे एका बैठकीत सिमेंट भरून काम होते, नस वाचते, खर्च सगळ्यात कमी. पण दुखत नाही म्हणून कोणी जात नाही. कीड गरापर्यंत पोहोचली की गर सुजतो. हाताला लागले तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दातात चारी बाजूंनी भिंत, त्यामुळे सूज आतल्या आत दाबते. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो म्हणून रात्रीचा ठणका. गार पाण्याची सळ अर्धा-अर्धा मिनिट टिकत असेल, गरम चहाने कळ उठत असेल, काही न खाता-पिता आपोआप दुखत असेल, तर नस बरी होण्याच्या पलीकडे गेली असे डॉक्टर धरतात. गरमाने वाढते आणि गारेने थांबते ही तर पुढची पायरी. मोरीपाशी उठून चूळ भरणाऱ्याची दाढ बहुधा या पायरीवर असते.

आणि मग एक दिवस दुखणे थांबते. गोळी लागू पडली, लवंग लागू पडली, कोणाचा तरी उतारा लागू पडला असे वाटते. खरे म्हणजे नस मेलेली असते. मेलेल्या नसेला कळ कळत नाही. पण जंतू तिथेच असतात, मुळाच्या टोकाशी हाडात पू साठवत राहतात. हिरडीवर पुळी येते, फुटते, खारट चव येते, पुन्हा भरते. काही वर्षे हे असेच चालते आणि मग कधीतरी ताईंसारखी रात्र येते.

गोळ्यांचे काय

दुखणे कमी करणारी गोळी दुखणे कमी करते, कीड नाही. डॉक्टरकडे जाईपर्यंतच्या एक-दोन दिवसांसाठी ती ठीक आहे. महिनोन् महिने रोज घेतली तर जठराला जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने तर स्वतःच्या मनाने अशा गोळ्या घेऊच नयेत. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी तो तुमची लघवी-रक्ताची तपासणी पाहून गोळी देत नाही.

अँटिबायोटिकचा गैरसमज याहून मोठा. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग रक्तातून जाणारे औषध तिथे पोहोचणार कसे? नुसत्या ठणक्यावर या गोळ्यांचा उपयोग नाही. ताप असेल, सूज पसरत असेल तर डॉक्टर त्या देतात, तेही दात उघडून किंवा काढून पू मोकळा करण्याच्या जोडीने. दोन कॅप्सूल आज, एक उद्या, बरे वाटले की उरलेल्या शेजारणीला, हा आपल्याकडचा प्रकार जंतूंना औषध पचवायला शिकवतो.

घरी काय करावे? कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या कराव्या. लवंगेचे तेल कापसाच्या टोकाला थेंबभर घेऊन फक्त दाढेच्या खड्ड्यात लावावे. हिरडीला लागले तर भाजते. डोकेदुखीची गोळी चुरून हिरडीवर ठेवू नये, तिथे पांढरी जखम होते. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये, सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाते. मिश्रीबद्दल वेगळे सांगायला हवे. आपल्या अनेक आया-मावश्या दाढ दुखते म्हणून मिश्री लावायला लागल्या आणि दाढ गेली तरी मिश्री राहिली. तिने झणका बसतो, थोडा वेळ विसर पडतो, बाकी काही नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तिच्यातही आहे.

खुर्चीत बसल्यावर

आमच्यापैकी ज्याने रूट कॅनाल केले, त्याला उजवीकडच्या वरच्या दाढेसाठी चार खेपा कराव्या लागल्या. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, पहिल्या विभागात तपासणी, मग एक्स-रे, मग तो हातात घेऊन दुसऱ्या मजल्यावर. पहिला दिवस यातच गेला. खासगीत हेच काम एक-दोन बैठकांत होते. वेळ द्यायचा की पैसा, हा हिशेब प्रत्येक घराने आपला आपण करायचा आहे. आम्ही फक्त दोन्ही बाजू सांगतो.

दंत महाविद्यालयात काम शिकाऊ डॉक्टर करतात म्हणून आपली माणसे कचरतात. बी.डी.एस.चे शिक्षण इंटर्नशिप धरून पाच वर्षांचे असते, त्यानंतर एम.डी.एस. करणारे असतात, आणि पायरी-पायरीवर शिक्षक येऊन पाहतात. हात सावकाश चालतो, पण घाईही नसते. आमच्या माणसाच्या दाढेतली चौथी नळी पहिल्यांदा सापडली नव्हती. बाईंनी येऊन एक्स-रे पाहिला, मुलीला म्हणाल्या, "अजून एक आहे, शोध." तिने अर्धा तास शोधून काढली. ती राहून गेली असती तर दाढ पुन्हा दुखली असती.

आधी डॉक्टर दातावर ठोकून पाहतात, गार लावून पाहतात, छोटा एक्स-रे काढतात. मग हिरडीत भूल. सुई टोचते तेवढे कळते, दोन-तीन मिनिटांत ओठ जड होतो. सुजलेल्या नसेवर कधी कधी एका इंजेक्शनने पूर्ण भूल चढत नाही. अशा वेळी दात-ओठ खाऊन सहन करू नका. हात वर करा, डॉक्टर आणखी भूल देतात. सहन करण्याचे कौतुक आपल्याकडे फार आहे, विशेषतः बायांच्या बाबतीत, पण दुखतेय हे न सांगितल्याने कामही धड होत नाही.

काही ठिकाणी दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. गुदमरल्यासारखे वाटते, पण तो चांगल्या कामाची खूण आहे. थुंकी दातात जात नाही आणि बारीक हत्यार किंवा औषध घशात पडत नाही. मग दाढेच्या माथ्यावर भोक पाडून गर काढतात. नळ्या साफ करायला तारेसारख्या फाइल वापरतात. सुरुवातीच्या फाइलचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे बारीक असते. मूळ किती लांब हे एक्स-रेवरून किंवा टीं-टीं वाजणाऱ्या छोट्या यंत्रावरून मोजतात, कारण कमी साफ केले तर जंतू राहतात आणि जास्त खाली गेले तर हाडाला इजा. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी, खालच्या दाढेला साधारण तीन, वरच्या दाढेला तीन किंवा चार. म्हणून दाढेला वेळ आणि पैसा जास्त लागतो. मधूनमधून ब्लीचिंगच्या वासाचे पाणी सोडतात. ते जंतू मारणारे औषध असते, ते गिळू नका.

नळ्या स्वच्छ व कोरड्या झाल्या की त्यात गुलाबी-केशरी रंगाच्या बारीक कांड्या भरतात. त्यांचे नाव गटापर्चा. मलायाकडच्या एका झाडाच्या चिकापासून तो बनतो, आणि एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर याच चिकाचे वेष्टन असे. समुद्राचे पाणी ज्याने आत येऊ दिले नाही, तेच आता आपल्या दाढेत जंतूंना अडवायला बसते.

भूल उतरायला दोन-तीन तास लागतात. तोवर जेवू नये, गरम चहा पिऊ नये. ओठ चावला तरी कळत नाही. मुलांकडे विशेष लक्ष ठेवावे, ती गंमत म्हणून गाल चावत बसतात. पुढचे दोन-चार दिवस चावताना दाढ दुखते, हे नेहमीचे. सूज आली, ताप आला तर तारखेची वाट न पाहता परत जावे.

कॅप हा शृंगार नाही

ताईंनी जिथे सोडले तिथेच बहुतेक जण सोडतात, फरक इतकाच की काही जण रूट कॅनाल पूर्ण करतात आणि कॅप सोडतात. "दुखायचे थांबले, आता कॅप कशाला, दागिना आहे का?" असा प्रश्न आम्हाला एका काकांनी विचारला. दाढ किडीने पोखरलेली असते, त्यात डॉक्टरांनी आत जायला वाट केलेली असते. उरतात चार पातळ भिंती. सुपारी सोडा, ज्वारीच्या भाकरीतला एखादा खडा पुरतो. दाढ उभी चिरते. उभी चीर मुळापर्यंत गेली की पुढे काही करता येत नाही, काढावीच लागते. तेव्हा दाढेची कॅप काही आठवड्यांत बसवावी, वर्षावर टाकू नये. पुढच्या दाताचे बरेच शिल्लक असेल तर कधी कॅपशिवाय भागते, ते डॉक्टर सांगतील. दिसण्याची अडचण नसेल तर मागच्या दाढेला धातूची साधी कॅप महागड्या पांढऱ्या कॅपइतकेच काम करते. दुकानदारासारखा भाव करायला लाजू नका, पण भाव कॅपच्या प्रकाराचा करा, कॅप गाळण्याचा नव्हे. आणि कॅपखालची दाढही घासायची असते. कडेने पुन्हा कीड लागू शकते.

खर्चाचे म्हणाल तर खासगीत रूट कॅनाल काही हजारांत जाते आणि कॅपचे पैसे बहुधा वेगळे असतात. म्हणून खुर्चीत बसण्याआधी विचारावे: एकूण किती बैठका, कॅप धरून एकूण किती पैसे, हप्त्याने देता येतील का, आणि मध्ये थांबावे लागले तर दाढ किती दिवस तशी राहू शकेल. कागदावर लिहून घ्यावे. कोणी वैतागले तर दुसरा दवाखाना आहे. सरकारी व महापालिकेच्या दंत रुग्णालयांत खर्च बराच कमी येतो. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही दर साधारण कमी असतात.

ज्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची रक्कम कापली जाते, त्या सफाई कंत्राटातल्या, सुरक्षा रक्षकाच्या, कारखान्यातल्या माणसांनी आपले कार्ड काढले आहे का ते आधी पाहावे. राज्य विम्याच्या रुग्णालयांत दंत विभाग असतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत होते तेव्हा, १९४३ मध्ये, कामगारांच्या आजार-विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे दिले गेले आणि त्यातूनच १९४८ चा कायदा आला. पैसे दरमहा कापले जातात आणि कार्ड पेटीत पडून राहते, असे आम्ही एकाच चाळीत अनेक घरी पाहिले.

स्टेशनबाहेर, पुलाखाली हत्यारांची पेटी मांडून बसणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. ते शेजारच्या दातांना चिकटवून प्लास्टिकचा दात पक्का बसवून देतात, स्वस्तात. त्याखाली जेवण कुजते आणि धडधाकट शेजारचे दातही हलायला लागतात. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ पासून आहे. नोंदणी नसलेल्याला दात उपटण्याचाही अधिकार नाही. दवाखान्यात नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर असावे, सुई तुमच्यासमोर फोडलेली असावी. हे पाहण्यात उद्धटपणा काही नाही.

काढणे केव्हा योग्य

आम्ही काढण्याच्या विरोधात नाही. मुळापर्यंत चिरलेली, कॅप धरायलाही काही न उरलेली, हाड झिजून हलणारी दाढ वाचवण्यात पैसा घालू नये. अक्कलदाढ तर बहुधा काढतातच. वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, ही भीती निराधार आहे. दृष्टीची नस आणि दाताची नस वेगळ्या. उलट वरच्या दाढेचा पू चढला तर डोळ्याखाली सूज येते, ती धोक्याची.

पण चांगली दाढ "गरिबाला कुठे परवडणार" म्हणून काढली जाते, तिथे आमचे भांडण आहे. कधी हे समोरचा डॉक्टर ठरवतो, आपले कपडे पाहून. पुष्कळदा आपणच ठरवून जातो. काढणे त्या दिवशी स्वस्त असते. नंतर शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरची लांबते, माणूस एका बाजूने चावतो, मग ती बाजूही जाते. जिथे दात नाही तिथे पूल बसवायचा तर दोन्ही शेजारचे दात घासावे लागतात आणि खर्च रूट कॅनालपेक्षा कमी येत नाही. चाळिशीत भाकरी चहात बुडवून खाणारी माणसे आपल्या वस्तीत किती आहेत, ते प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

यात सगळ्यात वाईट वाटते ते मुलांचे. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. दुधाचा एकही दात न पडता येते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. किडली तर "पडेल आणि नवी येईल" म्हणतात. ती पडत नाही आणि तिच्या जागी नवी येत नाही. तीच आयुष्यभराची मुख्य दाढ. आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे तोंड आज उजेडात उघडून पाहा. खड्डा दिसला तर आत्ता सिमेंटवर भागेल. दुधाची दाढ किडून दुखत असेल तरी तिच्यावरही नसेचा उपचार करता येतो. ती वेळेआधी गेली तर खालून येणाऱ्या दाताची जागा जाते.

दवाखान्यात जाताना उपाशी पोटी जाऊ नये. रिकाम्या पोटी इंजेक्शन घेतले की चक्कर येते आणि मग "भूल लागली नाही" अशी आवई उठते. रक्तदाबाची, साखरेची गोळी नेहमीसारखी घ्यावी. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही, म्हणून ताजी तपासणी सोबत न्यावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतः बंद करू नये, फक्त सांगावे. हृदयाची झडप बदललेली असेल, औषधाची ॲलर्जी असेल, दिवस गेलेले असतील, तर तेही पहिल्यांदा सांगावे. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना या कामाला सोयीचा, पण पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करावे लागतात. बाळंतपणापर्यंत थांबू नये.

गुटखा खाणाऱ्या तरुणांना एक वेगळे सांगणे आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर काय मिळते ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारीने गालाच्या आतल्या कातडीला दोऱ्या येतात, तोंड उघडायचे कमी होत जाते. आम्ही एका तिशीच्या मुलाला घेऊन गेलो, तर त्याच्या तोंडात दोन बोटेही जाईनात. मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोहोचायला जागाच नव्हती. दाढ वाचवण्यासारखी होती, पण तिच्यापाशी जाता येत नव्हते. त्याला आधी तोंडाच्या आजाराच्या विभागात पाठवले.

जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज चढत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना त्रास, जीभ वर उचललेली, श्वास लागतो, सोबत ताप, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, दाताचा दवाखाना उघडण्याची तर नाहीच. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. सूज घशाकडे उतरली तर श्वास बंद पडू शकतो. ताईंच्या डॉक्टरांनी आम्हाला बाकावर येऊन सांगितले होते की आणखी सहा तास उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

विनयपिटकात भिक्खूंना दंतकाष्ठ वापरायला सांगितले आहे आणि त्याचे पाच लाभ मोजून दिले आहेत. तोंडाला दुर्गंधी येत नाही आणि अन्नाची रुची लागते, हे त्यातले दोन. आज ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घेतली तरी चालेल, पण रात्री झोपण्याआधीची वेळ चुकवू नका. सकाळचे घासणे लोकांना दिसते, दाताला जास्त गरज रात्रीच्या घासण्याची असते.

ताईंची डावी दाढ गेली. उजवीकडची खालची दाढही किडलेली होती, तिचे रूट कॅनाल दंत महाविद्यालयात तीन खेपांत झाले. कॅपचे माप घेऊन झाले आहे, धातूची साधी कॅप, तारीख येत्या गुरुवारची. त्या दिवशी त्यांच्या दोन घरी त्यांची जाऊ कामाला जाणार आहे आणि आमच्यापैकी एक जण सकाळी सातलाच केसपेपरच्या रांगेत उभा राहणार आहे.